दोन किमोथेरपींची तुलना कशी करायची? ऑस्टिन ब्रॅडफोर्ड हिल यांची गोष्ट



या साइटवर मी बहुतेक वेळा तुलनेचे लेख लिहितो. हा फोन घ्यावा की तो, हा प्रोसेसर चांगला की तो. डावीकडे एक, उजवीकडे दुसरा, मध्ये आकडे आणि शेवटी निकाल. काही महिन्यांपूर्वी माझ्या कॉलेजच्या एका मित्राने माझ्याकडे असाच तक्ता मागितला. पण त्याला फोन घ्यायचा नव्हता. त्याला जर्म सेल ट्यूमर झाला होता. शुक्राणू किंवा स्त्रीबीज ज्या पेशींपासून तयार होतात, त्या पेशींचा हा कॅन्सर. पहिली किमोथेरपी झाली, रिपोर्ट चांगले आले, गडी कामावर रुजू झाला आणि वर्षाच्या आत आजार उलटला. डॉक्टरांनी दोन मार्ग समोर ठेवले होते. त्याने दोन्हींची नावं व्हॉट्सॲपवर पाठवली आणि यातलं भारी कोणतं ते सांग म्हणाला.

मी रात्रभर बसून आकडे गोळा केले आणि त्याला चुकीचं उत्तर पाठवता पाठवता थांबलो. का थांबलो हे सांगायचं तर एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल. त्यांचं नाव ऑस्टिन ब्रॅडफोर्ड हिल. ते डॉक्टर नव्हते आणि त्यांना जाऊन आता तीस वर्षांहून जास्त काळ झालाय. पण तुमच्या फोनमधल्या ॲपचं बटण तुम्हाला निळं आणि तुमच्या भावाला हिरवं दिसतं ना, त्या ए/बी टेस्टचं मूळ शोधत मागे गेलात तर वाटेत हे गृहस्थ भेटतातच.

आधी तो प्रश्न बघू

जर्म सेल ट्यूमर बहुतेक वेळा अंडकोषात सुरू होतो आणि जास्त करून १५ ते ४० या वयातल्या मुलांना होतो. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांच्याच वयात. चांगली गोष्ट अशी, की शरीरात पसरला तरी सिसप्लॅटिन या औषधावर आधारलेल्या किमोथेरपीने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. पण पसरलेल्या आजाराच्या दहा रुग्णांपैकी साधारण दोन-तीन जणांचा आजार दबत नाही किंवा परत येतो. तेव्हा दुसरी फेरी लागते आणि तिथे दोन रस्ते फुटतात.

पहिला रस्ता टीआयपी. पॅक्लिटॅक्सेल, आयफॉस्फामाइड आणि सिसप्लॅटिन ही तीन औषधं नेहमीच्या डोसमध्ये, चार सायकल.

दुसरा रस्ता हाय डोस किमोथेरपीचा. त्यातल्या एका प्रकाराचं नाव टीआय-सीई. यात आधी पॅक्लिटॅक्सेल आणि आयफॉस्फामाइडच्या दोन सायकल देतात आणि त्याच दिवसांत रुग्णाच्या रक्तातून स्टेम सेल काढून गोठवून ठेवतात. हा झाला बॅकअप. मग कार्बोप्लॅटिन आणि एटोपोसाइड इतक्या मोठ्या डोसमध्ये देतात, की हाडांमधला मगज, जिथे रक्त तयार होतं, तो जवळपास बंद पडतो. मग बॅकअप रिस्टोर करायचा, म्हणजे गोठवलेल्या स्टेम सेल शिरेतून परत सोडायच्या. असं तीन वेळा.

इथे सिसप्लॅटिनच वाढवून का देत नाहीत? कारण त्याचा डोस वाढवला की किडनी, कान आणि नसा अडचणीत येतात, आणि त्यांचा बॅकअप ठेवता येत नाही. कार्बोप्लॅटिनचा मार मुख्यतः मगजावर बसतो, आणि मगजाचा बॅकअप ठेवता येतो. तरीही हा रस्ता अंगावर भारी पडतो. इन्फेक्शनचा धोका मोठा असतो आणि मोजक्या का होईना, पण काही रुग्णांचा जीव उपचारानेच जातो.

आता मला सापडलेले आकडे बघा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलने २००५ साली टीआयपी दिलेल्या ४६ रुग्णांचा निकाल छापला. दोन वर्षांनी ६५ टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता. त्याच हॉस्पिटलने २०१० साली टीआय-सीई दिलेल्या १०७ रुग्णांचा निकाल दिला. पाच वर्षांनी आजाराशिवाय जगणारे ४७ टक्के. मी तक्त्यात ६५ आणि ४७ शेजारी शेजारी लिहिले. टीआयपी सोपं आहे, स्वस्त आहे आणि आकडाही मोठा. निकाल तयार होता. पाठवायचंच बाकी होतं.

मग मी दोन्ही पेपर नीट वाचले. टीआयपीच्या ४६ जणांमध्ये फक्त असे रुग्ण घेतले होते, ज्यांचा आजार अंडकोषात सुरू झाला होता आणि ज्यांना पहिल्या किमोने पूर्ण गुण आला होता. टीआय-सीईच्या १०७ जणांची तब्येत मुळातच जास्त अवघड होती. कुणाला पहिल्या किमोने पुरता गुण आलाच नव्हता, कुणाचा आजार छातीत सुरू झाला होता. शिवाय एक आकडा दोन वर्षांचा आणि दुसरा पाच वर्षांचा. म्हणजे मी उतारावर धावणाऱ्याची आणि चढावर धावणाऱ्याची घड्याळं शेजारी ठेवून बूट कुठले चांगले ते ठरवत होतो.

हीच चूक डॉक्टरांना कळावी म्हणून हिल आयुष्यभर झटले.

वैमानिक, रुग्ण, पोस्टाने पदवी

हिल यांचा जन्म ८ जुलै १८९७ चा, लंडनच्या हॅम्पस्टेड भागातला. वडील लिओनार्ड हिल नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ होते. इंग्लंडमध्ये एका पेनीत पत्र पोचवण्याची पद्धत आणणारे रोलंड हिल याच घराण्यातले. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या या हिलसाहेबांच्या आयुष्यातही टपाल दोन वेळा कामाला येतं.

वडिलांसारखं वैद्यकात जायचं, डॉक्टर व्हायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ते नौदलाच्या हवाई दलात वैमानिक झाले. एजियन समुद्राच्या भागात त्यांची नेमणूक झाली. तिथे शत्रूने त्यांचं काही बिघडवलं नाही, पण टीबी झाला. फुफ्फुसाचा टीबी म्हणजे तेव्हा जवळपास मरणाचा कागदच. त्यांना घरी पाठवलं ते मरायलाच.

टीबीवर तेव्हा औषध नव्हतं. उपचार म्हणजे अंथरुणावर पडून राहणं. फार तर छातीत सुईने हवा भरून आजारी फुफ्फुस दाबून ठेवायचं, म्हणजे त्याला विश्रांती मिळेल. हिल यांच्यावरही हा प्रयोग झाला. जवळपास दोन वर्षं ते पडून होते. विशी-बाविशीतला पोरगा, बाकीचे मित्र युद्धावर किंवा कॉलेजात, आणि हा छताकडे बघत पडलेला.

ते वाचले. पण मेडिकलची लांबलचक पढाई आता झेपणार नव्हती. म्हणून त्यांनी अंथरुणातूनच टपालाने अभ्यास करून लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी घेतली. साल १९२२. आजच्या भाषेत ऑनलाइन डिग्री. अर्थशास्त्रात त्यांना फारसा रस नव्हता, पण झोपून करता येण्यासारखं तेच होतं.

वडिलांच्या ओळखीतले मेजर ग्रीनवुड नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. मेजर ही पदवी नाही, त्यांचं नावच मेजर. त्यांनी या मुलाला संशोधनाचं काम मिळवून दिलं. हिल खेड्यांत फिरून तरुण मंडळी गाव सोडून शहरात का जातात ते शोधू लागले, कारखान्यांतल्या कामगारांच्या आजारपणाचे हिशेब मांडू लागले. सोबत कार्ल पिअरसन यांच्या वर्गात बसून संख्याशास्त्र शिकले. डॉक्टर होता आलं नाही, पण डॉक्टरांचे आकडे तपासणारा माणूस मात्र घडत गेला.

सरळ भाषेतला मास्तर

तेव्हा डॉक्टर उपचाराची तुलना कशी करायचे? मी त्या रात्री जशी केली तशीच. एका मोठ्या डॉक्टरने नवं औषध वीस जणांना दिलं, चौदा बरे झाले, मासिकात छापून आलं. ते चौदा जण औषध न देताही बरे झाले असते का, हे कोण सांगणार? त्याने औषधासाठी निवडलेच असतील धडधाकट रुग्ण, तर?

हिल यांनी १९३७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांसाठी एक लेखमाला लिहिली. गणित कमीत कमी, उदाहरणं भरपूर. त्याचंच पुढे मेडिकल स्टॅटिस्टिक्सवरचं पुस्तक झालं आणि कित्येक आवृत्त्या निघाल्या. खरं सांगायचं तर हिल हे आपल्या साइटला शोभणारे लेखक होते. अवघड गोष्ट सोपी करून सांगायची आणि वाचणाऱ्याला घाबरवायचं नाही.

या न घाबरवण्यापायी त्यांनी एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली. रुग्णांचे दोन गट चिठ्ठी टाकून, म्हणजे रँडम पद्धतीने पाडावेत, हे त्यांना माहीत होतं. रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत ते करून दाखवलं होतं. पण माझा रुग्ण आणि टॉस, हे ऐकून डॉक्टर पुस्तक बंद करतील अशी त्यांना भीती होती. म्हणून त्यांनी डॉक्टरांना आधी एवढंच सांगितलं, की एक सोडून एक रुग्णाला औषध द्या. आपण रँडमचा शब्द जाणूनबुजून टाळला होता, हे त्यांनी म्हातारपणी स्वतःच कबूल केलं.

एक सोडून एक, यात बिघडतं काय? तर पुढचा नंबर कुठल्या गटाचा आहे हे डॉक्टरला आधीच कळतं. समोर आलेला रुग्ण अगदी खंगलेला असेल आणि नंबर औषधाचा असेल, तर डॉक्टर त्याला जरा उद्या या म्हणू शकतो. वाईट हेतूने नाही, नकळत. पण तेवढ्याने दोन गट सारखे राहत नाहीत आणि तुलना गेली कामातून.

१०७ तरुण आणि बंद पाकिटं

१९४३ साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. टीबीच्या जंतूंना मारणारं हे पहिलं दमदार औषध. महायुद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची टंचाई होती, त्यामुळे औषध थोडंच आलं. सगळ्यांना पुरणं शक्यच नव्हतं. लेखक जॉर्ज ऑरवेल यांना टीबी झाला तेव्हा त्यांच्यासाठी हे औषध १९४८ साली खास अमेरिकेहून मागवावं लागलं. त्यांना ते सोसलं नाही आणि १९५० च्या जानेवारीत ते गेले. एवढी ओळख ज्यांची नव्हती, त्यांचं काय?

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ठरवलं की या औषधाची नीट परीक्षा घ्यायची. समितीत हिल होते, आणि सोबत फिलिप डार्सी हार्ट आणि मार्क डॅनियल्स हे डॉक्टर. आता हिल यांना आपली पद्धत पुढे आणायची संधी मिळाली. औषध सगळ्यांना पुरणारच नसेल, तर कुणाला मिळेल हे वशिल्याने ठरवण्यापेक्षा चिठ्ठीने ठरवणं जास्त न्यायाचं, असा त्यांचा मुद्दा होता. आणि त्यातून खरं उत्तर मिळत असताना ती संधी घालवणं हेच चूक ठरलं असतं.

१०७ रुग्ण घेतले. सगळे १५ ते ३० वयाचे. सगळ्यांची दोन्ही फुफ्फुसं बिघडलेली आणि आजार वेगाने वाढणारा. थोडक्यात, तीस वर्षांपूर्वीच्या हिल यांच्याच वयाची मुलं-मुली, त्यांचाच आजार. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणातली विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. म्हणजे हिल यांना स्वतःला जे मिळालं होतं, त्याच्याशीच नव्या औषधाची तुलना होती.

कोण कुठल्या गटात जाणार, हे हिल यांनी रँडम आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवलं आणि प्रत्येक उत्तर बंद पाकिटात घातलं. रुग्ण या परीक्षेत बसतो की नाही हे आधी ठरायचं, मगच पाकीट उघडायचं. पाकिटात काय आहे हे डॉक्टरला आधी माहीत नाही, त्यामुळे निवड करायला वावच नाही. आज ॲपच्या सर्व्हरवर तुमच्या अकाउंटला ए किंवा बी मिळतं, ते याच नियमाने.

दुसरी खबरदारी निकालाची. छातीचे एक्स-रे ज्या तज्ज्ञांनी बघितले, त्यांना कुठली फिल्म कुठल्या गटातली हे सांगितलेलंच नव्हतं. ज्याला उत्तर माहीत असतं, त्याला सुधारणा जरा जास्तच दिसते.

एक गोष्ट मात्र आज खटकते. आपल्यावर तुलना चालू आहे, हे त्या रुग्णांना सांगितलं नव्हतं. आज अशा चाचणीत रुग्णाला सगळं समजावून, त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय पाकीट उघडता येत नाही.

सहा महिन्यांनी हिशेब झाला. औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण दगावले होते, फक्त विश्रांतीवाल्या ५२ पैकी १४. ऑक्टोबर १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा निकाल छापला. आधुनिक वैद्यकातली पहिली खरी रँडम चाचणी म्हणून आज याच चाचणीचं नाव घेतात.

पाच वर्षांनी काय झालं

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. त्याच रुग्णांचा पाच वर्षांनी परत हिशेब केला. औषधवाल्या ५५ पैकी ३२ गेले होते, विश्रांतीवाल्या ५२ पैकी ३५. सुरुवातीचा तो मोठा फरक बराचसा पुसला गेला होता. कारण जंतू शिकले होते. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला ते काही महिन्यांत दाद देईनासे झाले.

पण पद्धत चांगली असली की चूकही लवकर सापडते. जंतू औषधाला जुमानत नाहीत, हे पहिल्याच चाचणीत दिसलं होतं. म्हणून लगेच दुसरी चाचणी लावली, स्ट्रेप्टोमायसिनसोबत पीएएस हे दुसरं औषध देऊन. १९५० पर्यंत उत्तर आलं, की दोन्ही एकत्र दिली तर जंतू सहजासहजी निसटत नाहीत. टीबीला एकाच वेळी अनेक औषधं द्यायची, हा आजचा नियम तिथून आला. कॅन्सरच्या किमोथेरपीतही एकाऐवजी तीन-चार औषधं एकत्र देण्यामागे हाच विचार आहे. टीआयपीमध्ये तीन अक्षरं का आहेत, ते आता कळलं असेल.

या पद्धतीचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९५६ पासून मद्रासमध्ये, ब्रिटनच्या त्याच कौन्सिलच्या मदतीने, १९३ टीबी रुग्णांची तुलना झाली. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषधं दिली, निम्म्यांना घरीच. हे गटसुद्धा रँडम. घरी दाटीवाटीत राहणारे, साधं जेवण जेवणारे रुग्णही सॅनेटोरियमवाल्यांइतकेच बरे झाले. १९५९ साली हा निकाल छापला आणि महिनोन् महिने पडून राहायची गरज नाही हे जगाला कळलं. हिल यांनी तरुणपणी जे दोन वर्षं केलं होतं, ते त्यांच्याच पद्धतीने मोडीत निघालं.

टॉस टाकता येत नाही तेव्हा

सगळ्याच प्रश्नांना पाकिटं चालत नाहीत. सिगारेटने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो का, हे बघायला कुणाला वीस वर्षं सिगारेट ओढ असं सांगणार? म्हणून हिल आणि त्यांचे सहकारी रिचर्ड डॉल यांनी दुसरा रस्ता धरला. १९५१ साली त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना टपालाने साधी प्रश्नावली पाठवली. चाळीस हजारांहून जास्त डॉक्टरांनी ती भरून परत पाठवली. मग वर्षानुवर्षं त्यातले कोण कशाने जातात ते नोंदत गेले. सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू कितीतरी जास्त निघाले.

१९६१ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९६५ च्या एका भाषणात त्यांनी नऊ मुद्दे मांडले. प्रयोग करता येत नसेल तेव्हा एका गोष्टीमुळे दुसरी घडते हे मानायचं की नाही, त्याचा विचार कसा करावा, याचे ते मुद्दे होते. ही परीक्षेसारखी यादी नाही, नऊपैकी इतके मार्क मिळाले म्हणजे पास असं करू नका, हेही त्यांनी बजावलं. १८ एप्रिल १९९१ रोजी, ९३ व्या वर्षी ते गेले. विशीत ज्याला मरायला घरी पाठवलं होतं, तो माणूस.

परत माझ्या मित्राकडे

आता आपण हिल यांचा चष्मा लावून टीआयपी आणि हाय डोसकडे बघू.

रँडम तुलना झालीच नाही असं नाही. १९९४ ते २००१ या काळात ११ देशांतल्या २८० रुग्णांवर एक झाली. एका गटाला नेहमीच्या डोसच्या चार सायकल, दुसऱ्याला तीन सायकल आणि शेवटी एकदाच हाय डोस. तीन वर्षांनी दोन्ही गटांत ५३ टक्के रुग्ण हयात होते. फरक शून्य. मग हाय डोस बाद? तसं नाही. तिथे हाय डोस एकदाच दिला होता. आताच्या पद्धतीत तो दोन किंवा तीन वेळा देतात. ती परीक्षा वेगळ्या मॉडेलची होती, म्हणा ना.

२००७ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने दोनदा हाय डोस दिलेल्या १८४ रुग्णांचा निकाल दिला. त्यातले ११६, म्हणजे ६३ टक्के, आजारमुक्त राहिले. चांगला आकडा, पण समोर दुसरा गटच नाही.

२०११ साली जगभरातल्या हॉस्पिटलांच्या जुन्या नोंदी एकत्र करून जवळपास १,६०० रुग्णांची तुलना केली. त्यात दोन वर्षं आजार न वाढलेले रुग्ण हाय डोसमध्ये साधारण ५० टक्के आणि नेहमीच्या डोसमध्ये २८ टक्के. म्हणजे माझ्या तक्त्याच्या अगदी उलट! पण हा हिशेब जुन्या नोंदींचा. हाय डोस कुणाला द्यायचा हे तिथे पाकिटाने नाही, डॉक्टरांनी ठरवलं होतं. गट सारखे करायचा प्रयत्न संशोधकांनी केला, तरी ज्याची नोंदच झाली नाही ते सारखं कसं करणार?

म्हणूनच टायगर नावाची चाचणी उभी राहिली. एका बाजूला टीआयपी, दुसऱ्या बाजूला टीआय-सीई, साधारण ४२० रुग्ण, अमेरिका आणि युरोपातली कितीतरी हॉस्पिटलं, सुरुवात २०१५. आजार दुर्मीळ असल्यामुळे इतके रुग्ण एका देशात मिळत नाहीत. गट पाडायचे ते रँडमच. आणि मुख्य मोजमाप गाठ किती लहान झाली हे नाही, माणूस किती जगला हे. स्ट्रेप्टोमायसिनचे सहा महिने आणि पाच वर्षं आठवा, म्हणजे हे का ते कळेल.

मित्राला मी शेवटी तक्ता पाठवला नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न पाठवले. परत आलेल्या आजारात माझा धोका कुठल्या पायरीवर आहे? कारण आजार कुठे सुरू झाला, पहिल्या किमोने किती गुण आला, किती महिन्यांनी उलटला, एएफपी आणि एचसीजी हे रक्तातले मार्कर किती आहेत, लिव्हर, हाडं किंवा मेंदूत पसरलाय का, यावरून रुग्णांच्या पायऱ्या पाडतात. तुम्ही सांगताय तो टक्का माझ्यासारख्या रुग्णांचा आहे का? तो किती वर्षांनंतरचा आहे? टायगर चाचणीचं पुढे काय झालं? तुमच्या हॉस्पिटलने आजवर किती हाय डोस केलेत? आणि पुढे मूल हवं असेल तर उपचाराआधी स्पर्म साठवून ठेवता येतील का?

डॉक्टर या प्रश्नांनी चिडले नाहीत. अर्धा तास बसून कागदावर काढून समजावलं, असं तो म्हणाला. त्याचा आजार लवकर उलटला होता आणि मार्करही चढलेले होते, हे बघून दोघांनी मिळून हाय डोसचा रस्ता घेतला. माझ्या त्या रात्रीच्या तक्त्याने बरोबर उलटं सांगितलं असतं. त्याच्यासाठी घेतलेला निर्णय तुमच्या ओळखीच्या कुणाला लागू पडेलच असं नाही, म्हणून हा लेख कुणाच्या उपचाराचा सल्ला म्हणून फॉरवर्ड करू नका. प्रश्न मात्र खुशाल फॉरवर्ड करा.

स्टेम सेलचा बॅकअप काढून झालाय. पहिला हाय डोस पुढच्या आठवड्यात आहे. काल त्याचा मेसेज आला, की तीन-चार आठवडे एका खोलीत बसून पिक्चर बघायला वीस हजारांच्या आत टॅब कुठला घ्यावा. तो तक्ता मात्र मी दहा मिनिटांत करून पाठवला.